सगळीच बिलं बोगस नव्हती, मग ट्रिब्युनलला जाऊ का?

पत्र असं आहे (नावगाव काढलंय, थोडं कापलंय) :

"नमस्कार ताई, आमचं तालुक्याच्या गावी सळई, पत्रा, हार्डवेअरचं दुकान आहे, सासऱ्यांच्या म्हणजे अण्णांच्या नावावर. २०२१ ला अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून दुकानात मी बसते, मिस्टर बँकेत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये जीएसटीची कलम ७४ ची नोटीस आली, साल २०१८-१९. तीन पुरवठादारांची बिलं बोगस म्हणून ९ लाखांचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करणं) नामंजूर, तेवढाच दंड आणि वर व्याज. पहिलं अपील हरलो, ती ऑर्डर डिसेंबर २०२५ मध्ये मिळाली. त्यात लिहिलंय की फर्मने जाणीवपूर्वक शासनाची फसवणूक केली.

खरं सांगते, पहिल्या पुरवठादाराचा माल आला होता (५,२०,००० टॅक्स), दिवाणजी शपथेवर सांगतात. तिसऱ्याचाही आला (१,२०,०००), त्याने फक्त टॅक्स भरला नाही. पण दुसऱ्याचं (२,६०,०००) काही खरं नाही. अण्णांची एक लाल डायरी कपाटात सापडली, त्यात त्या पार्टीला २,३६,००० आरटीजीएस आणि तिसऱ्या दिवशी '२,२४,००० परत' असं लिहिलंय, अशा बऱ्याच नोंदी आहेत. आमचे सीए म्हणतात सगळंच नाकारायचं. एक ट्रान्सपोर्टवाला जुन्या तारखेच्या बिल्ट्या (माल गाडीने आणल्याच्या पावत्या) करून द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात भरून टाक, बाजारात सगळेच करतात. अण्णांना ऑर्डर वाचून दाखवली तर रडले. त्यांना नीट बोलता येत नाही. मी काय करू? आणि हे दुकान बंद करून माझ्या नावाने नवा जीएसटी नंबर घेतला तर सुटका होईल का?"

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी त्या ट्रान्सपोर्टवाल्याला नाही म्हणा. आजच्या आज, आणि फोनवर म्हणा, व्हॉट्सॲपवर त्या विषयाचं एक अक्षर लिहू नका. तुम्हाला वाटत असेल पहिल्याचा माल खरंच आला होता, बिल्टी फक्त हरवली, तर नवी करून घेतली म्हणून काय बिघडलं. बिघडतं. जीएसटी कायद्यात कलम १३२ आहे, फौजदारीचं. त्यातल्या बहुतेक गुन्ह्यांना रकमेची मर्यादा आहे, कोटीच्या पुढे गेल्याशिवाय ते लागत नाहीत, त्यामुळे तुमच्या ९ लाखांच्या प्रकरणात अटक वगैरेची भीती तशी नाहीये. पण त्याच कलमात टॅक्स चुकवायच्या हेतूने खोटे हिशेब किंवा खोटी कागदपत्रं हजर करण्याबद्दल एक पोटकलम आहे आणि त्याला खालची मर्यादाच ठेवलेली नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि मदत करणारा पण त्यातच येतो. म्हणजे अण्णांनी २०१८ मध्ये जे केलं त्याच्यासाठी जेलची भीती तशी नाही, पण तुम्ही २०२६ मध्ये जे कराल त्याच्यासाठी होऊ शकते, आणि आत्ताची सही अण्णांची नसेल, तुमची असेल.

शिवाय हे कागद पकडले जातात हो. गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर टाकला की दोन मिनिटांत कळतं ती गाडी कुठली, कधी रजिस्टर झाली, ट्रक आहे की अजून काही. बिहारच्या चारा घोटाळ्यात ट्रक म्हणून दाखवलेले नंबर स्कूटरचे निघाले होते हे सगळ्या देशाने वाचलंय, तेव्हा तर हे सगळं हाताने शोधावं लागायचं. आता २०१८ च्या तारखेच्या बिल्टीवर ट्रान्सपोर्टचा जीएसटी नंबर २०२० मध्ये मिळालेला असेल तर बेंचवरच्या माणसाला काही बोलावंही लागत नाही, तो फक्त तो कागद तुमच्या वकिलाकडे सरकवतो. आणि मग तुमचा पहिल्या पुरवठादाराचा खरा माल पण खोटा ठरतो.

डायरी जाळू पण नका. सीएला अजून दाखवली नसेल तर दाखवा, कारण ते 'सगळंच नाकारू' म्हणतायत ते बहुधा डायरी न बघता म्हणतायत. बघूनही तेच म्हणाले तर दुसरा माणूस शोधा.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं म्हणणं असं की ट्रिब्युनलला, म्हणजे पहिल्या अपिलाच्या वरच्या जीएसटी न्यायाधिकरणाकडे, जा, पण ९ लाखांसाठी जाऊ नका, ६ लाख ४० हजारांसाठी जा. दुसऱ्या पुरवठादाराचे २,६०,००० सोडून द्या. का ते सांगते, जरा लांबेल.

टॅक्स भरायचा राहणं वेगळं आणि बेइमानीने टॅक्स चुकवणं वेगळं, हा फरक आपल्याकडे विक्रीकराच्या जमान्यापासून आहे. १९६९ ची सुप्रीम कोर्टाची हिंदुस्थान स्टील विरुद्ध ओरिसा सरकार ही केस अजूनही प्रत्येक दंडाच्या अपिलात लावतात. राउरकेलाचा कारखाना उभारताना कंपनीने कंत्राटदारांना लोखंड, सिमेंट वगैरे दिलं, खातं म्हणालं ही विक्री झाली, तुम्ही विक्रीकराचं रजिस्ट्रेशन घेतलं नाही, घ्या दंड. कोर्टाने दंड उडवला, आणि सांगितलं की दंड ही जवळजवळ फौजदारी स्वरूपाची गोष्ट आहे, माणसाने मुद्दाम कायदा धाब्यावर बसवला किंवा बेइमानी केली असं असल्याशिवाय तो लावायचा नाही, नुसता लावता येतो म्हणून लावायचा नाही. नंतर महाराष्ट्राच्या व्हॅट (जीएसटीच्या आधीचा विक्रीवरचा टॅक्स) कायद्यात पण दंडाच्या कलम २९ मध्ये चुकीची माहिती 'जाणूनबुजून' दिली, सेट-ऑफ (म्हणजे तेव्हाचं क्रेडिट) 'जाणूनबुजून' जास्त घेतला अशीच भाषा होती आणि माझगावच्या विक्रीकर ट्रिब्युनलपुढे त्या एका शब्दावर तासन्‌तास भांडणं व्हायची.

जीएसटीत तोच फरक दोन कलमांत वाटून टाकलाय. कलम ७३ म्हणजे टॅक्स कमी भरला गेला पण फसवणुकीचा हेतू नव्हता, तिथे दंड साधारण दहा टक्के आणि खात्याला मुदत कमी. कलम ७४ म्हणजे फसवणूक, मुद्दाम खोटं विधान, किंवा टॅक्स चुकवायला माहिती दडवणं, तिथे दंड टॅक्सच्या बरोबरीने आणि मुदत मोठी. (२०२४-२५ पासूनच्या वर्षांना आता ७४अ लागतं, तुमच्या सालाला नाही.) खात्याचे काही अधिकारी सरसकट ७४ च लावायला लागले तेव्हा खुद्द केंद्राच्या सीमाशुल्क-जीएसटी बोर्डाने १३ डिसेंबर २०२३ ला सूचना काढली की टॅक्स भरला नाही एवढ्यावरून ७४ लावू नका, फसवणुकीचा ठोस पुरावा पाहिजे आणि तो नोटिशीतच दिसला पाहिजे. बोर्डाचं पत्र आहे, कायदा नाही, तुमची नोटीस राज्याच्या अधिकाऱ्याची असेल तर तो म्हणेल मला लागू नाही, तरी मुद्द्याला वजन आहे.

आणि आता मुदतीची गोष्ट, जी तुमच्या सीएने मांडलेलीच दिसत नाहीये, निदान तुम्ही पाठवलेल्या ऑर्डरच्या पानांत तरी त्याबद्दल ओळ नाही. २०१८-१९ साठी कलम ७३ खाली ऑर्डर काढायची मुदत वाढवून वाढवून ३० एप्रिल २०२४ केली होती, आणि नोटीस त्याच्या तीन महिने आधी द्यायची, म्हणजे ३१ जानेवारी २०२४ पर्यंत. तुमची नोटीस ऑगस्ट २०२४ ची. म्हणजे ७३ ची गाडी निघून गेली होती, ७४ लावल्यामुळेच नोटीस जिवंत आहे. कलम ७५(२) सांगतं की ट्रिब्युनलला फसवणूक सिद्ध झाली नाही असं वाटलं तर टॅक्स ७३ प्रमाणे ठरवायचा. आणि बोर्डाचं २७ डिसेंबर २०२२ चं परिपत्रक स्पष्ट म्हणतं की अशा वेळी मूळ नोटीस ७३ च्या मुदतीनंतर दिलेली असेल तर सगळी कारवाईच मुदतबाह्य म्हणून सोडून द्यायची. कळलं ना? पहिल्या आणि तिसऱ्या पुरवठादाराबाबत बेइमानी सिद्ध झाली नाही तर नुसता दंड जात नाही, टॅक्सही जाऊ शकतो. सगळी केस 'अण्णांना माहिती होतं का' या एका प्रश्नावर उभी आहे.

म्हणूनच दुसऱ्याला त्यातून बाहेर काढायचं. कारण तो आत राहिला की त्या प्रश्नाचं उत्तर 'हो, माहिती होतं' असं येतं, आणि एका पुरवठादाराबद्दल आलेलं उत्तर तिघांनाही चिकटतं. डायरी बघा परत. २ लाखांच्या सळईवर ३६ हजार जीएसटी, २,३६,००० बँकेतून गेले, २,२४,००० रोख परत आले, म्हणजे बारा हजारांत छत्तीस हजारांचं क्रेडिट विकत घेतलं. याला बाजारात नुसतं बिल घेणं म्हणतात, सगळ्यांना माहितीये. तुम्ही म्हणाल पण तेवढी सळई दुकानातून विकली तर गेली, स्टॉक जुळतो. जुळत असेल, बहुतेक वेळा कुठून तरी रोखीत बिनबिलाचा माल उचललेला असतो आणि तो झाकायला असलं बिल लागतं. पण क्रेडिट मिळतं ते ज्याचं बिल त्याचाच माल असेल तर. कलम १६(२) ची ती अटच आहे, आणि क्रेडिट बरोबर आहे हे सिद्ध करायचा बोजा कलम १५५ ने आपल्यावर टाकलाय.

सीए तुम्हाला भीती घालतील की एक मान्य केलं म्हणजे खातं म्हणेल बघा, एक खोटं होतं म्हणजे सगळी खोटी. म्हणणार, नक्की म्हणणार, हा धोका आहेच आणि मी लपवत नाही. तरी मी दुसऱ्याला सोडून द्यायच्याच बाजूने, कारण आत्ता ऑर्डरमध्ये तिन्ही पुरवठादारांचं एकच गाठोडं बांधलंय, त्यांना वेगळं करून दाखवायची ताकद तुमच्या हातात आहे आणि ती फक्त तुम्ही एक बाजूला काढलात तरच वापरता येते. 'आम्ही या पुरवठादाराबद्दल भांडत नाही, टॅक्स, व्याज, दंड भरतो, चलन जोडलंय, उरलेल्या दोघांचं ऐका' असं म्हणणारा व्यापारी आणि तिन्ही बाबतीत हात वर करणारा व्यापारी, यात कोणाचं ऐकावंसं वाटेल? आणि हेही लक्षात घ्या की न भांडणं म्हणजे कबुलीजबाब लिहून देणं नाही. अपिलात तेवढी रक्कम वादात घ्यायची नाही, बस. जे खरं नाही ते खरं म्हणायचं नाही एवढीच अट.

पहिला पुरवठादार. तुमच्या ऑर्डरप्रमाणे त्याचं रजिस्ट्रेशन २०२२ मध्ये मागच्या तारखेने रद्द केलं, अधिकारी पत्त्यावर गेले तर दुकान नव्हतं, आणि मालकाचा जबाब आहे की मी सगळ्यांना फक्त बिलं दिली. दोन गोष्टी बघा. एक, तो जबाब तुम्हाला पूर्ण दिला का, त्यात तुमच्या फर्मचं नाव आहे का, आणि तुमच्या पहिल्या उत्तरात त्याची उलटतपासणी मागितली होती का. १९७७ ची सुप्रीम कोर्टाची केरळ सरकार विरुद्ध शादुली ही किराणा व्यापाऱ्याची केस याच्यासाठीच आहे, विक्रीकर अधिकाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याच्या वह्यांवरून याला खोटं ठरवलं आणि त्या माणसाला प्रश्न विचारू दिले नाहीत, कोर्ट म्हणालं हे चालणार नाही. पण मागितलीच नसेल तर ट्रिब्युनल विचारणार की आत्ता कसं सुचलं. दुसरी, २०२२ मध्ये दुकान नसणं म्हणजे २०१८ मध्ये नव्हतं असं होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली व्हॅटच्या शांती किरण केसमध्ये खात्याची अपिलं फेटाळली, तिथे व्यवहाराच्या दिवशी विक्रेते रजिस्टर्ड होते, नंतर रजिस्ट्रेशन गेलं, टॅक्स सरकारकडे पोचला नाही, पण घेणारे प्रामाणिक होते आणि बिलं खरी होती म्हणून त्यांना क्रेडिट मिळालं. कायदा दिल्लीचा आणि व्हॅटचा, जीएसटीचा नाही, तरी दिशा तुमच्या उपयोगाची.

मात्र प्रामाणिक होतो म्हणून सांगून भागत नाही, माल आला हे दाखवावं लागतं. २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकच्या एका कॉफी व्यापाऱ्याच्या केसमध्ये, इकॉम गिल कॉफी, सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की बिल आणि चेकने पेमेंट एवढं पुरेसं नाही, गाडीचा तपशील, भाडं कोणी दिलं, माल पोचल्याची पावती हे सगळं पाहिजे. मग आता दिवाणजींना घेऊन बसा आणि माळ्यावरची २०१८-१९ ची पोती उतरवा. सळईचा धंदा या बाबतीत बरा, त्याच्या खुणा राहतात. वजनकाट्याची पावती असते, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन वजनं, वेळ, गाडी नंबर. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावर हीट नंबर (लोखंड वितळवलेल्या खेपेचा नंबर) असतो, आणि तुम्ही ती सळई एखाद्या सरकारी ठेकेदाराला दिली असेल तर त्याने ते सर्टिफिकेट बिलासोबत पंचायत समितीत किंवा बांधकाम खात्यात लावलेलं असू शकतं, तिथून नक्कल मिळते. असा कागद तुमच्या हातातला नसल्यामुळे त्याच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. रोजमेळात हमाली आणि गाडीभाडं त्याच तारखेला खर्ची पडलंय का बघा, मागे उतराई म्हणून चारशे-पाचशेची नोंद असली तरी चालेल, असली बारकी नोंद कोणी सहा वर्षांनी बसून बनवत नाही. ई-वे बिल (माल गाडीने नेताना पोर्टलवर काढायचा कागद) शोधताना तारीख बघा, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल आणायला ई-वे बिल २५ मे २०१८ पासून लागलं, त्यामुळे एप्रिलमधल्या आणि २५ मे च्या आधीच्या बिलांना ते नाही म्हणून ऑर्डरमध्ये ताशेरे असतील तर ते सरळ चूक आहेत, हे पहिल्या पानावर मांडा.

पण हे कागद ट्रिब्युनल घेईलच असं नाही. नियम ११२ प्रमाणे खालच्या पातळीवर न दिलेला पुरावा वर नव्याने देता येत नाही, अधिकाऱ्याने घ्यायला नकार दिला किंवा पुरेशा कारणाने देता आला नाही तरच. तुमच्याकडे कारण आहे आणि ते खरं आहे, ज्याला सगळं माहिती होतं तो माणूस २०२१ पासून बोलू शकत नाही. हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि वेगळा अर्ज. हे शेवटच्या दिवशी सुचून जोडण्यासारखं काम नाहीये.

तिसऱ्याचं जरा अवघड, आणि मी खोटी आशा लावणार नाही. माल आला, बिल त्याच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) मध्ये दिसलं, त्याने ३बी (ज्याच्याबरोबर टॅक्स भरतात ते रिटर्न) भरलाच नाही. इथे बेइमानी झाली असेल तर त्याची, अण्णांचा संबंध नाही, म्हणून ७४ टिकायला नको. पण टॅक्स सरकारकडे पोचला पाहिजे ही अट कायद्यात आहे, आणि महाराष्ट्रात आपल्याला मागचा अनुभव कडू आहे. व्हॅटमध्ये कलम ४८(५) होतं, सरकारी तिजोरीत जेवढा टॅक्स आला तेवढाच सेट-ऑफ, मे २०१२ मध्ये महालक्ष्मी कॉटनच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने ते कलम वैध ठरवलं आणि खात्याने हवाला (माल न देता नुसती बिलं विकणाऱ्या) व्यापाऱ्यांच्या याद्या वेबसाइटवर लावल्या त्या काळात कितीतरी सरळ दुकानदार भरडले गेले, माल घेतला, टॅक्ससकट पैसे दिले, आणि परत एकदा टॅक्स भरला. त्यामुळे या १,२०,००० साठी तुमची मुख्य भिस्त मुदतीच्या मुद्द्यावर ठेवा.

पैशाचं गणित. सोडून द्यायच्या २,६०,००० वर तेवढाच दंड आणि १८ टक्क्यांनी व्याज, सात वर्षं धरली तर सगळं मिळून साडेआठ लाखांच्या आसपास जाईल, पहिल्या अपिलाच्या वेळी आगाऊ भरलेले ९०,००० (९ लाखांचे दहा टक्के) त्यात कसे धरायचे ते सीएला विचारा. उरलेल्या ६,४०,००० साठी ट्रिब्युनलला आणखी दहा टक्के म्हणजे ६४,००० आगाऊ (पूर्वी इथे वीस टक्के होते, कमी केले), आणि फी साधारण लाखामागे हजार, कमाल पंचवीस हजार. ते भरलं की उरलेली वसुली अपील संपेपर्यंत थांबते, बँक खातं गोठवायची धमकी कोणी देत असेल तर पावती दाखवा. १ एप्रिल २०२६ च्या आधी मिळालेल्या ऑर्डरींना अपिलासाठी ३० जून २०२६ पर्यंत मुदत दिलीय, नाहीतर एरवी तीनच महिने असतात. जीएसटी ट्रिब्युनल सुरूच झालं सप्टेंबर २०२५ मध्ये, आठ वर्षांची अपिलं तुंबलीयत, शेवटच्या आठवड्यात पोर्टल काय करेल ते तुम्हाला रिटर्नच्या अनुभवावरून माहितीच आहे.

साडेआठ लाख एकदम भरणं सोपं नाही, मला कळतंय. आणि सीएला हे पण विचारा की २०१८-१९ च्या इन्कम टॅक्सवर याचा काय परिणाम होतो, कारण बोगस खरेदी जीएसटीत सोडली की तो धागा तिकडे जाऊ शकतो. हे आधी विचारा, मग चलन काढा.

शपथपत्राबद्दल. तुम्ही २०२१ ला दुकानात आलात, २०१८ मध्ये गाडी आली की नाही हे तुम्ही पाहिलेलं नाही, तर त्याच्यावर तुम्ही शपथ घेऊ नका, सीए कितीही म्हणाले की फॉर्मॅलिटी आहे. दिवाणजींनी माल उतरवून घेतलाय ना, मग ते देतील, आणि त्यांना आधी विचारा दुसऱ्या पुरवठादाराबद्दल ते काय सांगतील, कारण त्यांना पण प्रश्न विचारले जाऊ शकतात. तुम्ही तुमच्यापुरतं द्या, आजारपण, कागद कधी आणि कुठे सापडले, एवढं. आणि एक, कलम ११६ प्रमाणे नातेवाईक म्हणून तुम्ही स्वतः अण्णांच्या वतीने उभ्या राहू शकता. वकील किंवा सीए करा, कायद्याचे मुद्दे आहेत, पण सुनावणीला तुम्ही हजर राहा. ट्रिब्युनल हे तथ्यांसाठी शेवटचं ठिकाण, पुढे हायकोर्टात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर ऐकतात, तिथे कोणी तुमच्या काट्याच्या पावत्या बघणार नाही. त्यामुळे जे दाखवायचं ते इथेच.

मिस्टरांना विचारा की 'सगळेच करतात' हे म्हणणं ज्या दिवशी त्यांच्या बँकेत कोणी सांगेल त्या दिवशी त्यांचं काय उत्तर असेल. आणि दुसरं असं की पूर्ण भरून मोकळं व्हायचं म्हणजे ज्या दोन व्यवहारांत अण्णांनी काही केलं नाही त्यांच्याबद्दलही फसवणूक केली हा शिक्का तसाच राहू द्यायचा. अभय योजनेची (दंड-व्याजात सूट देणाऱ्या सरकारी योजनेची) वाट बघू म्हणत असतील तर, व्हॅटला आपल्या राज्यात मिळाल्या, जीएसटीत कलम १२८अ ची आली होती पण ती ७३ च्या नोटिशींना, ७४ वाल्यांना त्यातून बाहेरच ठेवलं होतं.

अण्णांबद्दल मी काय बोलू. ऑर्डर पूर्ण वाचून दाखवलीत ते बरं केलंत की नाही माहीत नाही, पण आता डायरी त्यांच्यासमोर ठेवून विचारा, दुसऱ्याचं सोडून देतोय, चालेल ना? मान हलवता येते ना त्यांना. फर्म त्यांची आहे, अपिलावर त्यांच्या नावानेच जायचंय, त्यांना न विचारता त्यांच्या वतीने कबूल करणं पण बरोबर नाही आणि नाकारणं पण नाही.

राहिला नवा नंबर. त्याने सुटका होत नाही. धंदा एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कलम ८५ प्रमाणे आधीच्या टॅक्स, व्याज, दंडाची जबाबदारी देणारा आणि घेणारा दोघांवर येते, म्हणजे आत्ता जे अण्णांच्या एकट्याच्या डोक्यावर आहे ते तुम्ही स्वतःहून स्वतःच्या डोक्यावर घ्याल. शिवाय अपील चालू असताना दुकानाचा नंबर सरेंडर केला आणि त्याच जागेत, त्याच मालाने सुनेच्या नावाने दुकान सुरू झालं की खात्याच्या वकिलाला 'हेतू' शोधायला लांब जावं लागत नाही. नंबर चालू ठेवा, रिटर्न वेळेवर भरा, आणि आजपासून जी सळई येईल तिची काट्याची पावती बिलाला टाचून ठेवा.